गॅरेज रिकामं राहिलं तर हप्ता कोण भरणार?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही गेली बरीच वर्षं न्यू जर्सीत राहतो. आमच्या गावच्या डाउनटाउनमध्ये पाच मजली पार्किंग गॅरेज बांधायचं घाटतंय. कर्ज पार्किंग अथॉरिटी, म्हणजे पार्किंग चालवायला गावाने नेमलेली स्वतंत्र संस्था, काढणार, गाव फक्त गॅरंटी देणार, म्हणजे टॅक्स भरणाऱ्यांना एक सेंटचाही खर्च नाही असं मीटिंगमध्ये सांगितलं. हे म्हणतात, मग आपलं काय जातंय? मला मात्र पटत नाहीये. असं गॅरेज कुठे फसलंय का? – एक वाचक

उत्तर : तुम्हाला पटत नाहीये ते अगदी बरोबर आहे. गॅरंटी म्हणजे आपल्या भाषेत जामीन राहणं, आणि पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहून हात पोळलेला एखादा काका नाहीतर मामा आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात असतो. सही करताना खिशातून काहीच जात नाही हो, पण त्याचा हप्ता थकला की नोटीस आपल्या दारात.

तुमच्या शेजारच्याच पेनसिल्व्हेनियातलं स्क्रँटन बघा. पाऊण लाख वस्तीचं शहर, १९९२ मध्येच आर्थिक अडचणीतलं म्हणून राज्याने जाहीर केलेलं. तिथल्या पार्किंग अथॉरिटीची डाउनटाउनमध्ये गॅरेजं होती, कर्जाला शहर जामीन, आणि गॅरेजच्या कमाईतून हप्ते भागेनात. २०१२ च्या जूनमध्ये सिटी कौन्सिलने पैसे द्यायला नकार दिला, हप्ता चुकला. रक्कम १० लाख डॉलरच्या आसपास, पण जामीनदारानेच हात वर केले म्हटल्यावर बँका शहराला रोजच्या खर्चाला लागणारं कर्जही देईनात, आणि जुलै उजाडेपर्यंत पगाराला पैसे नाहीत अशी वेळ आली. तेव्हाचे मेयर क्रिस डोहर्टी यांनी शहराच्या सुमारे ४०० कर्मचाऱ्यांना सरसकट ताशी ७.२५ डॉलर, म्हणजे कायद्याने द्यावाच लागतो तेवढा किमान पगार दिला, तोही कोर्टाने कपात करू नका म्हणून सांगितलेलं असताना. पोलीस, आगीत शिरणारे फायरमन, सगळे त्यातच. राहिलेला पगार नंतर मिळाला, पण घराचा हप्ता तर त्याच महिन्यात भरायचा होता ना! गॅरेजमध्ये गाड्या आल्या नाहीत आणि त्याची झळ ज्याचा पार्किंगशी काडीचा संबंध नाही अशा माणसाच्या घरापर्यंत गेली, मला तर हे वाचून फार वाईट वाटलं होतं.

प्रश्न : मग गावाने गॅरंटी दिलीच नाही तर आपण सुटलो का?

उत्तर : हप्त्यातून सुटलो, पण सगळ्यातून नाही. त्यासाठी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधलं, यांकीज या बेसबॉल टीमचं यांकी स्टेडियम बघा. २००९ मध्ये नवीन स्टेडियम सुरू झालं, त्याच्यासाठी सुमारे ९,००० गाड्यांचं पार्किंग एका ना-नफा कंपनीकडे दिलं आणि तिच्यासाठी शहराच्या एजन्सीमार्फत २००७ मध्ये सुमारे २३ कोटी ७० लाख डॉलरचे करमुक्त बाँड, म्हणजे ज्यांच्या व्याजावर टॅक्स लागत नाही असे कर्जरोखे, काढले. आता हिशोब करा, एका गाडीच्या जागेमागे २६,००० डॉलर कर्ज. व्याज सहा टक्के धरलं तर वर्षाला दीड हजाराच्या वर, आणि यांकीजच्या घरच्या मॅचेस सीझनला ८१. म्हणजे प्रत्येक मॅचला प्रत्येक जागा भरली तरी नुसत्या व्याजालाच गाडीमागे १९-२० डॉलर लागणार, अर्ध्याच भरल्या तर दुप्पट, आणि मुद्दल, पगार, लाईटबिल वेगळंच! मग दर वाढवत ३५ डॉलरवर नेला, आणि लोक आणखीच फिरकेनात.

फिरकतील तरी कशाला? मी स्वतः ४ नंबरच्या ट्रेनने गेलेय तिथे, गाडी बोगद्यातून वर येते आणि खिडकीत समोर स्टेडियमच उभं, जिना उतरलं की गेट. त्यात २००९ च्या मे मध्ये मेट्रो-नॉर्थ या उपनगरी रेल्वेचं स्टेशनही सुरू झालं, म्हणजे उपनगरातून गाडी घेऊन येणारा माणूससुद्धा आता ट्रेनने येऊ लागला. शेजारी त्याच वर्षी मॉल उघडला, तिथे पार्किंग स्वस्त. कंपनीला बाँडचे हप्ते जमेनात आणि शहराला द्यायचं जमिनीचं भाडंही थकलं. बाँडची जबाबदारी शहरावर नव्हती, ते पैसे बाँड घेणाऱ्यांचे अडकले. पण थकलेलं भाडं, बाँडवर सोडलेला टॅक्स, राज्याने घातलेले सुमारे ७ कोटी, हे लोकांचेच पैसे ना? आणि स्टेडियमसाठी पोरांची खेळायची पार्कं गेली ती वेगळीच. त्यांच्या बदल्यात दिलेल्या नवीन मैदानाचा ट्रॅक आणि नकली गवत एका गॅरेजच्या छतावर केलंय, मोठ्या झाडांच्या सावलीची सवय असलेल्या लोकांना हे दिलं, मला ते नाही पटलं.

तर पुढच्या मीटिंगला जाल तेव्हा गाड्यांचा अंदाज कोणी काढला आणि त्याची फी कोणी दिली ते विचारा. निम्म्याच जागा भरल्या तर हप्ता भागतो का, याचा आकडा लेखी मागा. गॅरंटीची रक्कम आणि मुदत विचारा, ३० वर्षांची असेल तर तुमची मुलंही ती फेडत असतील. आणि ह्यांना सोबत घेऊन जा, एका घरातून दोघं उठून बोलले तर कौन्सिलवालेही नीट ऐकतात.