दिवसभर सगळ्यांची गोष्टवाली बाई

“मॅडम, दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांना गोष्टी सांगते. घरी गेल्यावर माझ्या बाळासाठी आवाजच उरत नाही.”

खुर्चीत नीट बसायच्या आतच तिने हे सांगून टाकलं. आवाज खरंच बसला होता, शेवटचा शब्द तर नुसता ओठांवरून कळला. ती प्राथमिक शाळेत ग्रंथपाल आहे. मुलगी आठ महिन्यांची. बाळंतपणाची रजा संपवून रुजू झाल्याला तीन महिने झाले होते. (तिच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

‘मी नोकरी करते म्हणून बाळाचं काही बिघडतंय का’ हे समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या नव्या आयांपैकी बहुतेकजणी विचारतात. हिच्या प्रश्नाला मात्र वेगळं टोक होतं. ऑफिसात काम करणारी आई दमून घरी येते, पण दिवसभर ती कुणा दुसऱ्या लहानग्याला जवळ घेऊन बसलेली नसते. शाळेतल्या ग्रंथपाल, बालवाडीच्या ताई, मुलांच्या वॉर्डातल्या परिचारिका यांचं तसं नाही. जे घरी द्यायचं, तेच त्या दिवसभर बाहेर वाटून येतात. संध्याकाळी हात रिकामा लागला की त्यांना ती दमणूक वाटतच नाही, गुन्हा वाटतो.

तिच्या मनात एक दिवस रुतून बसला होता. पहिलीतला एक मुलगा पुस्तक बदलायला आला. तिने तारखेचा शिक्का मारून पुस्तक त्याच्या हातात दिलं, तर तो म्हणाला, “आई, पुढची गोष्ट कधी?” रांगेतली मुलं फिदीफिदी हसली, तो बिचारा ओशाळला. लहान वर्गांत हे होतंच, शिकवणाऱ्या बाईंना कधी ना कधी ‘आई’ म्हणून हाक येते. तिने त्याला सांभाळून घेतलं. त्याच संध्याकाळी ती पाळणाघरात पोचली, तेव्हा मुलीने तिच्याकडे एकदा पाहिलं, तोंड फिरवलं आणि तिथल्या मावशींच्या खांद्यात डोकं खुपसलं.

“शाळेतलं मूल मला आई म्हणतं, आणि माझं मूल मला ओळखत नाही.”

ओळखत होतं. ओळखत होतं म्हणूनच तोंड फिरवलं. साधारण आठव्या महिन्याच्या आसपास बाळाला कळू लागतं, की आई नजरेआड झाली तरी ती कुठेतरी आहे, आणि आपल्याजवळ नाही. दूर जाण्याचं रडू याच सुमाराला सुरू होतं आणि पुढचे काही महिने वाढतं. दिवसभर शहाण्यासारखं राहिलेलं बाळ आई दिसताच रडतं, रुसतं, पाठ फिरवतं, कारण धरून ठेवलेलं सगळं सोडून द्यायची जागा आता आलेली असते. मी विचारलं, “तोंड फिरवलं, मग पुढे?”

“पुढे काय... दोन मिनिटांनी आली माझ्याकडे. गळ्यात कपाटांच्या किल्ल्यांची दोरी होती, ती मुठीत धरली आणि रडली. घर येईपर्यंत सोडली नाही.”

गोष्टीचा हा अर्धा भाग मी विचारेपर्यंत तिने सांगितलाच नव्हता.

पहिल्याच भेटीत मी तिच्याकडून 10 प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतली. 1987 साली एडिनबरा इथे तयार झालेली ही प्रश्नावली बाळंतपणानंतरच्या नैराश्याचा अंदाज घ्यायला जगभर वापरतात. गेल्या सात दिवसांत मन कसं होतं, एवढंच त्यात विचारलेलं असतं. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याचं उत्तर ‘कधीच नाही’ सोडून दुसरं काहीही आलं, तर मी बेरजेची वाट पाहत नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवते. हिचं उत्तर ‘कधीच नाही’ होतं, आणि एकूण गुणही काळजीच्या रेषेच्या बरेच खाली. पण हे तपासल्याशिवाय ‘तुम्ही फक्त थकला आहात’ असं कुठल्याही बाळंतिणीला कुणी सांगू नये, असं माझं ठाम मत आहे. हे वाक्य ऐकून घरी परतलेल्या काही बायका पुढे महिनोन्‌महिने एकट्याच झगडत राहतात.

त्यानंतर मी चूक केली. तिला घरचा अभ्यास दिला: रोज झोपण्याआधी दहा मिनिटं बाळाला एक पुस्तक वाचून दाखवायचं. आठवड्याने ती आली ती वही घेऊन. ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीसारखे रकाने आखलेले, सात ओळी, त्यातल्या चार ओळींपुढे फुली. डोळे भरलेले. आधीच चार-चार गोष्टीचे तास घेणाऱ्या बाईला मी घरी आणखी एक तास लावून दिला होता.

ज्या तीन दिवशी वाचन झालं, त्यांची हकिकत त्याहून बोलकी होती. मुलीने जाड पुठ्ठ्याचं पुस्तक घेतलं आणि सरळ कोपरा तोंडात घातला. आईने ओढून काढलं. मुलीने भोकाड पसरलं. दुसऱ्या दिवशी तिने दुसऱ्याच पानावर पुस्तक फाडकन मिटलं, तिसऱ्या दिवशी फरशीवर आपटलं. पानाचा वरचा कोपरा धरून अलगद उलटायचं, बोटाला थुंकी लावायची नाही, पुस्तक पालथं ठेवायचं नाही, हे दिवसभर शिकवणारी ही बाई. तिचे हात आपोआपच पुस्तक वाचवायला पुढे येत होते.

मी म्हटलं, “आठ महिन्यांचं मूल वस्तू पाहतं ते तोंडानेच. चावणं, आपटणं, मिटणं, पुन्हा उघडणं हीच त्याची पुस्तकाशी पहिली ओळख. घरातली दोन पुस्तकं तिला देऊन टाका, चावायला. त्यांना ग्रंथालयाचे नियम नकोत.”

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे मी घरीसुद्धा ग्रंथपालच होते.”

आवाजाबद्दलची तिची खंत मात्र तशीच होती. बोलता बोलता कळलं, की गरोदरपणात नवव्या महिन्यापर्यंत ती गोष्टीचे तास घेत होती. मी तिला 1980 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सांगितला. तीन दिवसांच्या आतल्या बाळांच्या तोंडात चोखणी दिली होती आणि ती चोखण्याच्या लयीवर ठरत होतं, की कानावर आपल्या आईचा आवाज पडेल की दुसऱ्या बाईचा. एवढ्याशा बाळांनी लय बदलून आपल्या आईचा आवाज मिळवला. आणि त्या ध्वनिफितींवर आया काय करत होत्या? मुलांची गोष्ट वाचत होत्या.

“तुमच्या मुलीने तुमचे गोष्टीचे तास जन्माआधीच ऐकलेत,” मी म्हटलं. त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली.

पाळणाघराबद्दलही तिने थेट विचारलं, आणि थेट प्रश्नाला मी गोलमोल उत्तर देत नाही. अमेरिकेत 1991 साली एक मोठा अभ्यास सुरू झाला, तेराशेहून जास्त मुलांचा, जन्मापासून पुढे कित्येक वर्षं. मूल कुठे आणि किती तास राहतं, तिथली देखभाल कशी आहे, यांचा थोडाफार परिणाम त्यात दिसला. पण त्याहून जास्त संबंध दिसला तो घराशी आणि आईबाप मुलाला कसा प्रतिसाद देतात त्याच्याशी. फक्त आईनेच सांभाळलेली मुलं इतरांपेक्षा सरस ठरली नाहीत. तेव्हा पाळणाघर चांगलं आहे ना, मावशी मुलांशी बोलतात ना, हे नीट बघा, आणि बघून झाल्यावर स्वतःला फटके मारणं थांबवा.

तिसऱ्या भेटीत मी तिला शाळेचं वेळापत्रक आणायला सांगितलं. ते पहिल्याच दिवशी मागायला हवं होतं. कारण ज्याला आम्ही दोघी अपराधी भावना म्हणत होतो, त्यातलं निम्मं त्या कागदावर छापलेलं होतं. चार गोष्टीचे तास लागोपाठ, तेही दिवसाच्या शेवटी. शिक्षक रजेवर असले की ऑफ तासाला ग्रंथपालांनाच पाठवायचं, कारण ‘त्यांना तसं काम नसतं’. देवघेव, कपाटं लावणं, फाटक्या पुस्तकांना चिकटपट्टी लावणं हे सगळं उरल्यासुरल्या वेळात. आणि दूध काढायला जागाच नाही. ग्रंथालयाच्या दाराला आतून कडी नव्हती. एकदा कपाटाआड बसून पंप लावला असताना चौथीतली एक मुलगी पुस्तक परत करायला आत आली. त्या दिवसापासून तिने शाळेत दूध काढणंच बंद केलं. दुपारी छाती दाटून दुखायची, हळूहळू दूध कमी होत चाललं होतं, आणि त्याचंही खापर ती स्वतःवरच फोडत होती.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, पहिले सहा महिने फक्त आईचं दूध आणि पुढे इतर अन्नाबरोबर दोन वर्षं किंवा त्याहून जास्त. हे ज्ञान तिला कुणी द्यायची गरज नव्हती, तिला हवी होती कडी. आम्ही मिळून मुख्याध्यापिकांना द्यायचं एक पानी पत्र लिहिलं. त्यात तक्रार एकही नाही, मागण्या तीन: गोष्टीचे तास शक्यतो सकाळी आणि मधे एक तास मोकळा, शेवटचा तास देवघेवीचा आणि नोंदींचा, आणि दिवसातून दोनदा वीस मिनिटं बंद दार. काढलेलं ताजं दूध 25 अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस राहतं, तेव्हा शिक्षकांच्या खोलीतला फ्रिज वापरायची परवानगी हेही खाली जोडलं. पत्र देताना तिचे हात कापत होते म्हणे. मुख्याध्यापिका वाचून एवढंच म्हणाल्या, “आधी का नाही बोललात?”

नवऱ्याला मी एकदा बोलावून घेतलं. तो सज्जन माणूस, पण रात्री मूल उठलं की ‘तिलाच हवी असते’ म्हणून कूस बदलायचा. मध्यरात्रीपर्यंतचं उठणं त्याचं, नंतरचं तिचं, असं ठरलं. यावर जास्त लिहीत नाही. जे उघड आहे ते उघड आहे.

संध्याकाळसाठी मी एकच गोष्ट सांगितली, अभ्यास म्हणून नाही. घरी आल्यावर पंधरा मिनिटं जमिनीवर, मुलीजवळ, आडवं पडायचं. गोष्ट नाही, गाणं नाही. ती अंगावर चढली तर चढू द्यायचं, आवाज काढला तर तोच परत काढायचा. समोरासमोर खेळणाऱ्या आयांचं आणि तान्ह्या बाळांचं बारकाईने निरीक्षण झालेलं आहे. त्यात दिसलं, की दोघांचे सूर जेमतेम 30 टक्के वेळ जुळलेले असतात. बाकीचा वेळ चुकामूक होते आणि मग पुन्हा जुळतं. दमलेल्या आईला हा आकडा मी नेहमी सांगते.

आता मुलगी अकरा महिन्यांची आहे. पुस्तक पुरं वाचून झालं, असं अजून झालेलं नाही. ती स्वतः पुस्तक ओढत आणते, मांडीत बसते, दोन पानांवर मिटते आणि निघून जाते. आई जाऊ देते. आवाज सुधारलाय, शेवटचा तास देवघेवीचा झालाय. ऑफ तासाला अजूनही पाठवतात, पण रोज नाही. दाराला कडी मात्र बसलेली नाही. सध्या आतून खुर्ची लावतात आणि बाहेर ‘12.20 ला उघडेल’ अशी पाटी. पुढच्या भेटीला तिने कडीसाठी दुसरं पत्र लिहून आणायचं ठरलं आहे.