मुलांना प्युरिटन काळातली कादंबरी मोठ्याने वाचून दाखवावी का?

तुम्ही विचारलंय की मुलीला शाळेत अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींचा इतिहास आहे, तर प्युरिटनांवरची (तिथे वसलेल्या कडक धार्मिक शिस्तीच्या इंग्रज प्रोटेस्टंटांवरची) कादंबरी घरी वाचून दाखवावी का, की चेटकिणीच्या आरोपांमुळे दहा वर्षांची पोर घाबरेल?

जरूर वाचा. आम्ही कनेक्टिकटमध्ये राहतो. मुलांना मी रात्रीची जेवणं आटोपली की एलिझाबेथ जॉर्ज स्पीअरची ‘द विच ऑफ ब्लॅकबर्ड पाँड’ वाचून दाखवायचे. कादंबरी 1958 सालची, गोष्ट 1687 मधली. बार्बाडोसला आजोबांकडे लाडात वाढलेली किट आजोबा गेल्यावर एकटीच जहाजाने कनेक्टिकटमधल्या वेदर्सफील्डला मावशीकडे येते. वाटेत एका लहान मुलीची बाहुली पाण्यात पडते. किट सरळ उडी मारून ती काढते आणि तिथूनच कुजबुज सुरू होते, कारण बाई पाण्यावर तरंगली म्हणजे ती चेटकीण असणार!

भीतीचं म्हणाल तर, या गोष्टीत कुणाला फाशी होत नाही. खरा इतिहास जास्त भयंकर आहे: हार्टफर्डला 1647 मध्ये अ‍ॅल्स यंगला फाशी झाली, मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमला 1692 मध्ये 19 जणांना, चेटकाच्याच आरोपावरून. पण हे पुस्तक संपल्यावर सांगा. आधी सांगितलं तर मूल पानोपानी ‘आता किटला लटकवणार का?’ एवढंच विचारत राहतं.

मोठ्याने वाचायचं ते मधेच थांबता यावं म्हणून. एका जागी तर थांबाच. प्रवासाच्या भाड्यासाठी आपली गुलाम मुलगी विकली, असं किट सहज सांगून टाकते आणि गोष्ट पुढे निघून जाते. तोवर मुलांचा सगळा जीव किटवर जडलेला असतो, त्यामुळे एकटं वाचणारं मूल ते वाक्य हमखास ओलांडून जातं. तिथे पुस्तक मिटा आणि विचारा, त्या मुलीचं पुढे काय झालं असेल? जहाजावरचा नॅट या बाबतीत किटपेक्षा शहाणा आहे. घोड्यांच्या वासाने नाक मुरडणाऱ्या किटला तो सुनावतो की माणसं कोंबून नेण्यापेक्षा घोड्यांचा वास परवडला. ते पान मी दोनदा वाचलं. न्यू इंग्लंडची (कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स वगैरे उत्तरेकडच्या वसाहतींची) जहाजं बार्बाडोसच्या उसाच्या मळ्यांना घोडे, लाकूड, खारवलेले मासे पुरवत आणि साखर घेऊन परतत, हेही तिथेच सांगता येतं. नाहीतर गुलामगिरी म्हणजे फक्त अमेरिकेच्या दक्षिणेतली गोष्ट, असं मुलांच्या डोक्यात बसतं.

‘प्युरिटन म्हणजे दुष्ट’ असा निकाल मात्र लावू देऊ नका. किटचे रेशमी कपडे आपल्या मुलींना घालू न देणारे मॅथ्यू काका मुलांना अजिबात आवडत नाहीत. पण गावकरी किटला शोधत दाराशी येतात तेव्हा हेच काका आडवे उभे राहतात. याच प्युरिटनांनी मॅसॅच्युसेट्समध्ये 1647 साली कायदा केला की 50 कुटुंबांच्या गावाने मुलांना लिहायला-वाचायला शिकवणारा माणूस ठेवावा, म्हणजे सैतानाने बायबलपासून कुणाला दूर ठेवायला नको. आणि यांनीच 1660 मध्ये बोस्टनला मेरी डायर या क्वेकर (प्युरिटनांना पाखंडी वाटणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाच्या) बाईला फाशी दिली. दोन्ही गोष्टी मुलांना कळू द्या.

पुस्तकात हे दोन्ही धागे तळ्याकाठच्या झोपडीत एकत्र येतात. तिथे क्वेकर म्हातारी हॅना राहते आणि किट लहानग्या प्रुडन्सला चोरून वाचायला शिकवते, हॉर्नबुकवरून. हॉर्नबुक म्हणजे मूठ असलेली लाकडी फळी, तिच्यावर अक्षरं आणि प्रार्थना छापलेला कागद, आणि कागद मळू नये म्हणून वर शिंगाचा पातळ पारदर्शक पापुद्रा. पुठ्ठा आणि प्लॅस्टिकच्या कागदाचं घरी सहज होतं. मुलीकडून करून घ्या. या शिकण्याचा पुढे काय उपयोग होतो ते इथे सांगत नाही, वाचताना कळेल.

इंग्लंडच्या राजाने नेमलेला गव्हर्नर अँड्रॉस आणि वसाहतीच्या सनदेचा (स्वतःचा कारभार स्वतः करण्याच्या राजाच्या लेखी परवान्याचा) भाग मुलांना जड जातो. म्हणून आधीच गोष्ट सांगून ठेवा: 1687 च्या ऑक्टोबरात अँड्रॉस सनद घ्यायला हार्टफर्डला आला, मेणबत्त्या विझल्या आणि सनद ओकच्या ढोलीत लपवली गेली, अशी आख्यायिका आहे. 1999 च्या कनेक्टिकट क्वार्टरवर (25 सेंटच्या नाण्यावर) तोच ओक आहे. सुट्ट्या पैशांत ते नाणं सापडलं तर त्या प्रकरणाच्या आधी मुलीच्या हातात द्या.