घास अडकतोय? मग नुसत्या अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांवर राहू नका

प्रश्न : माझ्या सासूबाई ६२ वर्षांच्या आहेत. वर्षभर झालं, जेवताना घास छातीत अडकतो म्हणतात, नुसतं पाणी प्यायल्या तरी ते पण लगेच खाली उतरत नाही. मग ताटावरून उठून हात वर करून उभ्या राहतात, तेव्हा कुठे जातं. रात्री झोपेत जेवलेलं तोंडात येतं, ठसका लागतो, सकाळी उशीवर भाताची शितं दिसतात. वजन पण बरंच उतरलंय. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या चालू आहेत पण फरक शून्य, आणि दुर्बीण टाकायचं नाव काढलं की घाबरतात. — एक सून, मिरज

उत्तर : ताई, पहिलं म्हणजे ही साधी अ‍ॅसिडिटी वाटत नाहीये. एक गोष्ट त्यांना विचारा, रात्री जे वर येतं ते आंबट असतं का? पोटातून आलेलं असेल तर आंबट-कडू लागतं, घसा जाळतं. पण जेवलेलं जसंच्या तसं, ना आंबट ना कडू असं येत असेल तर ते बहुतेक पोटात पोचलेलंच नसतं, अन्ननलिकेतच साठून राहिलेलं असतं.

तुम्ही लिहिलंय त्यावरून माझ्या डोक्यात पहिला आजार येतो तो अकॅलेशिया. अन्ननलिका साधारण २५ सेंटीमीटर लांब असते, तिचे स्नायू लाटेसारखे आवळत घास खाली ढकलतात आणि पोटाच्या तोंडाशी असलेली स्नायूंची झडप घास आला की सैल पडते. अकॅलेशियात तिथल्या नसांच्या पेशी मरतात, मग ढकलणंही बंद आणि झडपही नीट उघडत नाही. म्हणूनच भाकरी आणि पाणी दोन्ही सुरुवातीपासूनच अडकतं. आजार तसा कमीच दिसतो, वर्षाला लाखात साधारण एखाद्याला, त्यामुळे सुरुवातीला अ‍ॅसिडिटी समजून गोळ्या दिल्या जातात हे काही नवल नाही.

पण पत्रावरून शिक्का मारता येत नाही, आणि या वयात वजन उतरत असताना कॅन्सर नाही ना हे आधी बघायलाच लागतं. कॅन्सरमध्ये सहसा आधी भाकरी-पोळी अडकते, मग काही आठवड्या-महिन्यांत मऊ भात, मग पेज, शेवटी पाणी. पण दर वेळी असंच होतं असं नाही, झडपेजवळची गाठ कधीकधी हुबेहूब अकॅलेशियासारखी वागते, त्यामुळे दुर्बिणीला पर्याय नाही. त्या मिश्री लावत असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. 'तंबाखू खाता का' विचारलं की आपल्याकडच्या बायका सरळ नाही म्हणतात, मिश्री त्यांच्या हिशोबात तंबाखू धरतच नाहीत!

दुर्बिणीला घाबरण्यासारखं खरंच फार नसतं, घशात बधिर करायचा स्प्रे मारतात, हवं तर झोपेचं इंजेक्शन देतात, काही मिनिटांचं काम. फक्त घास अडकतो हे आधी सांगून ठेवा, कारण आत अन्न साठलेलं असू शकतं म्हणून अशा पेशंटला आदल्या दिवसापासून नुसतं पातळ घ्यायला सांगतात. त्यानंतर बेरियम (एक्सरेत उठून दिसणारं पांढरं औषध) पिऊन एक्सरे आणि मॅनोमेट्री, म्हणजे नाकातून बारीक नळी घालून अन्ननलिकेतला दाब मोजायचा. अकॅलेशिया पक्का होतो तो या मॅनोमेट्रीवर. ही सोय सगळीकडे नसते, मोठ्या हॉस्पिटलात पोटविकार तज्ज्ञांकडेच जावं लागेल.

गेलेल्या नसा परत येत नाहीत, पण झडप सैल करता येते आणि गिळणं बऱ्यापैकी सुधारतं. फुग्याने ताणतात, किंवा पोटावर छोटे छेद देऊन दुर्बिणीच्या ऑपरेशनने झडपेचा स्नायू कापतात (मूळ ऑपरेशन हेलर नावाच्या जर्मन सर्जनने १९१३ साली केलं होतं), किंवा पोएम, ज्यात पोटावर छेद न देता तोंडावाटेच स्नायू कापतात. पोएम जपानमध्ये २००८ ला सुरू झालं, आता भारतातही होतं. मात्र त्यानंतर काहींना खरीखुरी अ‍ॅसिडिटी मागे लागते आणि तेव्हा त्याच गोळ्या कामाला येतात. ऑपरेशन झेपणार नाही अशा फार थकलेल्या पेशंटला झडपेत बोटॉक्सचं, म्हणजे स्नायू सैल करणारं इंजेक्शन देतात, पण त्याचा असर काही महिनेच टिकतो.

तोवर रात्रीचं जेवण लवकर आणि मऊ द्या, डोक्याकडची बाजू उंच ठेवा. रात्रीचा ठसका हलक्यात घेऊ नका, अन्न फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. आणि पाणी किंवा स्वतःची थुंकीही गिळता येईना झाली तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

प्रश्न : वय ३८, आयटीत आहे, रात्री ११ ला जेवण आणि लगेच झोप. छातीत जळजळ, आंबट ढेकर, पॅन्टोप्राझोल रोज झोपताना घेतो तरी उपयोग नाही. — पुणे

उत्तर : गोळी झोपताना घेताय तिथेच गडबड आहे. ती जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची असते, साधारणपणे सकाळच्या नाश्त्याआधी, तेव्हाच ती नीट लागू पडते. जेवण आणि झोप यात तीन तास ठेवा, ऑफिसमुळे जमत नसेल तर संध्याकाळी सातला डबा खा आणि रात्री घरी येऊन थोडंसंच काहीतरी. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवा, सहा-आठ इंच उंची हवी, नुसत्या दोन उशा घेतल्या तर पोट दुमडतं आणि त्रास उलट वाढतो. डाव्या कुशीवर झोपा. पोट सुटलं असेल तर ते कमी करा, सिगरेट बंद. एवढं करून दोन महिन्यांत फरक नाही पडला, किंवा घास अडकायला लागला, काळी शी झाली, कारण नसताना वजन उतरलं, तर दुर्बीण. आणि छातीतलं दुखणं जबड्यात किंवा हातात जात असेल, दरदरून घाम येत असेल तर इनो पीत बसू नका, १०८ ला फोन करा, ईसीजी आधी.

प्रश्न : आई हाडांसाठी आठवड्याची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी घेते, घेतली की छातीत टोचतं म्हणते. — नाशिक

उत्तर : झोपून किंवा घोटभर पाण्यासोबत घेत असणार. ही गोळी अन्ननलिकेला चिकटली तर तिथे जखम करते. सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर (चहा-दूध नाही) घ्यायची आणि पुढे अर्धा तास आडवं व्हायचं नाही. पण आत्ता टोचतंय तर पुढची गोळी थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा, ज्यांचा घास अडकतो त्यांना ही गोळी चालत नाही, हाडांसाठी इंजेक्शनचा पर्याय आहे तो विचारा.