डॉक्टर आईला बाहेर बसायला सांगतात तेव्हा

‘लेक १४ वर्षांची आहे. नेहमीच्या तपासणीला घेऊन गेले, तर डॉक्टर म्हणाल्या, दहा मिनिटं तुम्ही बाहेर बसा. आईपासून लपवण्यासारखं काय असतं? आणि एचपीव्ही या विषाणूवरची लस आत्तापासून कशाला द्यायची?’

ताई, तुमच्या मनाला लागलं, हे कळतंय. पण तो तुमच्यावरचा अविश्वास नव्हता. अमेरिका, ब्रिटनसारख्या देशांत वयात येणाऱ्या मुलांशी डॉक्टर थोडा वेळ एकटंच बोलतात. मुलगा असला तरी तेच. अंगावरून पांढरं जाणं, कुणी नकोसा हात लावणं, कुणाबद्दल वाटणारी ओढ, हे आईसमोर जिभेवर येत नाही. बोललेलं सहसा डॉक्टरांपाशीच राहतं. मात्र जिवाला धोका किंवा अत्याचार दिसला, तर ते गप्प बसत नाहीत. नियम देशागणिक बदलतात. पुढच्या वेळी लेकीच्या समोरच विचारा, आम्हाला काय सांगाल आणि काय नाही? तिलाही ते ऐकू दे.

परतताना गाडीत ‘काय विचारलं गं?’ एवढं मात्र नको. तुम्हीच काहीतरी सांगा. सुरुवातीची वर्षं पाळी मागेपुढे होते, २१ ते ४५ दिवसांचं अंतर चालतं, हे सांगा. सात दिवसांपेक्षा जास्त रक्तस्राव, तासा-दोन तासाला पॅड भिजणं, शाळा बुडावी इतकं दुखणं किंवा १५ वर्षं पूर्ण होऊनही पाळी न येणं, यातलं काही असेल तर डॉक्टरांकडे जायचं, हेही सांगा.

मुलांना शाळेत इंग्रजी शब्द मिळतात. घरी आपली गाडी ‘अडचण’ आणि ‘तसलं काही’ इथेच अडते. योनी, गर्भाशय, वीर्य हे शब्द एकदा मोठ्याने उच्चारून बघा, दुसऱ्यांदा सोपे जातात. ‘स्वप्नदोष’ हा शब्द तर घरातून हद्दपारच करा. झोपेत वीर्य जाण्यात दोष कसला? त्या एका शब्दापायी कितीतरी मुलगे उगाच अपराधी वाटून घेतात.

एचपीव्ही लसीबद्दलही विचारलंय तुम्ही. जरूर द्या, धाकट्या मुलालाही. गर्भाशयमुखाचे जवळपास सगळे कर्करोग या विषाणूमुळे होतात, पुरुषांमधले घशाचे काही कर्करोगही. ९ ते १४ या वयात लस उत्तम काम करते, कारण ती शरीरसंबंधांच्या आधी मिळायला हवी. ‘आत्तापासून कशाला?’ याचं उत्तर तेच. शाळेतून संमतीचा कागद आला, तर लेकीला शेजारी बसवून वाचा आणि मगच सही करा.