कॉर्फचा किल्ला म्हणावं की गढी?

इंग्लंडमध्ये डॉर्सेट परगण्यात राहणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे: "आमच्या गावाचं नाव कॉर्फ कॅसल. टेकडीवर पडका किल्ला आणि पायथ्याशी दगडी घरांचं गाव. इथल्या वयस्क शेजाऱ्यांनी सांगितलेल्या लहानपणच्या गोष्टी मी आईसाठी मराठीत लिहून काढते आहे. 'कॅसल'ला किल्ला लिहिलं की आईच्या डोळ्यांपुढे राजगड उभा राहतो आणि ती विचारते, चढायला किती तास लागतात? मग गढी लिहू का? 'व्हिलेज' आणि 'हॅम्लेट' दोन्हींना गावच म्हणायचं का? आणि शेजारचे आजोबा सांगतात की त्यांच्या भिंतीतला एक कोरीव दगड कॅसलवरून खाली आलेला आहे. हे मराठीत कसं म्हणू?"

ताई, आधी उत्तर देतो. कॉर्फला किल्लाच म्हणा. पण ब्रिटनमध्ये ज्यांना कॅसल म्हणतात अशा पुष्कळ जागांना गढी हाच शब्द शोभतो, आणि हा शब्द तुम्हाला सुचला याचा मला फार आनंद झाला. आपल्याकडची भाषांतरं चाळली तर सगळीकडे किल्ला नाहीतर दुर्ग. गढी कुणाला आठवतच नाही.

माझं आजोळ मराठवाड्यातलं. गावाच्या मधोमध देशमुखांची गढी होती. पांढऱ्या मातीच्या जाडजूड भिंती, खाली रुंद आणि वर निमुळत्या होत गेलेल्या, कोपऱ्यांना बुरूज, आत शिरायला एकच मोठा दरवाजा. आत वाडा, आड, धान्याची पेवं. तिथे फौजेची छावणी नव्हती, एक घराणं नांदत होतं. गावचा वसूल तिथे जमा व्हायचा, तंटे तिथे मिटायचे आणि पेंढारी आले की गाव तिथे जीव मुठीत धरून शिरायचं, असं आजी सांगायची. म्हणजे घर, कचेरी आणि तटबंदी, तिन्ही एका जागी. किल्ला राज्याचा असतो, गढी घराण्याची.

आता १०६६ सालच्या इंग्लंडमध्ये चला. नॉर्मंडीचा विल्यम समुद्र ओलांडून येतो, हेस्टिंग्जची लढाई जिंकतो आणि त्याचे सरदार जिथे जमीन मिळेल तिथे तटबंद घरं उभी करतात. ती सुरुवातीला दगडाची नव्हती. गोल खंदक खणायचा, निघालेल्या मातीचं मध्ये टेकाड रचायचं, त्यावर लाकडी मनोरा आणि शेजारी कुंपण घातलेलं आवार, एवढंच. त्या विजयाची चित्रं भरतकामात काढलेली जी प्रसिद्ध बायोची पट्टी आहे, तिच्यावर हेस्टिंग्जच्या कॅसलचा प्रसंग आहे. तिथल्या लॅटिन ओळीत कॅसल 'खणायची' आज्ञा दिली असं म्हटलंय, बांधायची नव्हे! त्या मातीच्या टेकाडाला फ्रेंचमध्ये मॉट म्हणत. पुढे तोच शब्द टेकाडावरून घसरून खालच्या खंदकावर जाऊन बसला आणि इंग्रजीत खंदकाला 'मोट' म्हणू लागले. तुम्ही लिहिताना मात्र मोट हा शब्द टाळाच, नाहीतर आईला विहिरीवरचे बैल दिसतील. टेकाड आणि खंदक हे आपले दोन शब्द पुरेसे आहेत.

अशा जागेत सरदार, त्याचं कुटुंब, प्रार्थनाघर, कोठार आणि न्यायनिवाडा सगळं असायचं. याला गढी म्हणायचं नाही तर कशाला? इंग्लिश लोकांना तर ही चीज इतकी परकी होती की १०५१ सालच्या हकिगतीत त्यांच्या बखरकाराने हेअरफर्डशायरमध्ये 'परक्यांनी' एक कॅसल उभारल्याची तक्रार नोंदवली आहे, आणि शब्दही परक्यांचाच वापरला आहे. पुढे स्टीफन राजाच्या काळातल्या बेबंदशाहीबद्दल लिहिताना त्याच बखरीच्या पीटरबरोच्या प्रतीत येतं की सरदारांनी सगळा मुलूख कॅसलांनी भरून टाकला. हे वाक्य मराठीत आणताना 'मुलूख किल्ल्यांनी भरला' असं लिहिलं तर ते वैभवाचं वर्णन वाटतं. 'गावोगाव गढ्या उठल्या' असं लिहिलं की त्यातला जाच कळतो.

मग कॉर्फला गढी का नको? कारण ते शतकानुशतकं राजाचं ठाणं होतं. सुमारे ५५ मीटर उंचीच्या टेकडीवर, पर्बेकच्या डोंगररांगेतल्या खिंडीच्या तोंडाशी, पहिल्या हेन्रीच्या काळात उभा केलेला २१ मीटरचा दगडी मनोरा. खरं तर 'कॉर्फ' या नावाचा अर्थच खिंड. जुन्या इंग्रजीत कापणं या क्रियापदाशी त्याचं नातं आहे, डोंगर कापल्यासारखी वाट. खिंड अडवून बसलेलं राजाचं ठाणं, हे आईला सांगा, तिला ते नकाशाशिवाय समजेल. १५७२ मध्ये पहिल्या एलिझाबेथने तो ख्रिस्टोफर हॅटनला विकला आणि १६३५ मध्ये तो जॉन बँक्सकडे आला. या शेवटच्या काळात तो घराण्याचा झाला, पण तोवर किल्ला म्हणून त्याचं बरंचसं आयुष्य सरलं होतं. मधला उंच मनोरा 'कीप' म्हणून ओळखतात, त्याला बिनधास्त बालेकिल्ला म्हणा. बाला म्हणजे वरचा, फारसीतून आलेला शब्द, आणि कॉर्फचा कीप खरोखरच सगळ्यात वर आहे. सपाटीवरच्या कीपला मात्र बालेकिल्ला म्हणू नका, मनोरा म्हणा. आणि बाहेरच्या आवारांना माची म्हणायचा मोह आवरा. माची डोंगराच्या सोंडेवर असते.

आता तो दगड. राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवी युद्धात राजाच्या बाजूने जॉन बँक्सच्या पत्नी मेरी बँक्स यांनी हा किल्ला लढवला. १६४३ चा वेढा त्यांनी परतवला. दुसऱ्या वेढ्यात आतलाच माणूस फितूर झाला आणि १६४६ मध्ये किल्ला पार्लमेंटच्या हाती गेला. मग तो पुन्हा कुणाला लढवता येऊ नये म्हणून सुरुंग लावून उडवला. याला इंग्रजीत 'स्लाइटिंग' म्हणतात. ज्या स्लाइटचा आज आपण किंचित असा अर्थ घेतो, त्याचाच जुना अर्थ सपाट. मराठीत 'उद्ध्वस्त केला' लिहाल तर अर्थ थोडा निसटेल, कारण सूड हा हेतू नव्हता, पुन्हा उपयोगात येऊ नये हा होता. 'किल्ला निकामी केला' हे नेमकं. सह्याद्रीतल्या माणसाला हा अर्थ वेगळा समजवावा लागत नाही. १८१८ नंतर कंपनी सरकारने आपल्या कित्येक किल्ल्यांच्या पायऱ्या आणि वाटा अशाच सुरुंगांनी उडवल्या. कॉर्फला बुरूज कलंडले, तर आपल्याकडे कड्यांवर जायची वाटच तुटली.

पडलेल्या किल्ल्याचे दगड खालच्या लोकांनी घरं बांधायला नेले. तुमच्या गावातल्या जुन्या भिंतींमध्ये ते अजून आहेत. हे वाचताना मला आजीच्या घराचं धाबं, म्हणजे मातीचं सपाट छत आठवलं. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी छतावर पांढरी माती घालायला लागायची, आणि ती माती पडक्या गढीची. पाणी अडवणारी इतकी चांगली माती दुसरी नव्हती. टोपल्या भरभरून बाया गढीवरून उतरायच्या. मी लहान असताना मातीच्या एका बुरुजाचा आकार ओळखू येत होता, नंतर तोही गेला. गढी अशी गावभर छतांवर पसरली.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण मला या सगळ्यात तीच सगळ्यात जास्त भावते. इंग्रजीत एके काळी कॅसल या शब्दाचा अर्थ गाव असाही होता. मूळ लॅटिन शब्द कास्टेल्लुम, म्हणजे छोटा कोट. लॅटिन बायबलमध्ये तो लहान गावासाठी आला आणि जुन्या इंग्रजीत तसाच उतरला. विक्लिफच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १४व्या शतकातल्या भाषांतरात येशू मार्थेच्या घरी जातो तेव्हा तो एका कॅसलमध्ये शिरतो. तिथे ना तट ना बुरूज, मराठी बायबलमध्ये सरळ 'गाव' आहे.

आणि हे एका शब्दाचं नाही. ज्या 'टाउन'ला आपण शहर म्हणतो, तो मुळात टून, म्हणजे कुंपण. त्याच शब्दाचा जर्मन भाऊ त्साउन अजून कुंपणच आहे, डच भाऊ टाउन झाला बाग. इंग्रजीत कुंपणाचं झालं आवार, आवाराचं शेतघर, शेतघराचं गाव. ब्रायटन, किंग्स्टन यांच्या शेवटी तोच टून बसलेला आहे. केल्टिक भाषांमध्ये मात्र त्याच्याच नात्यातला शब्द डून झाला, अर्थ कोट. स्कॉटलंडमधलं डंबार्टन म्हणजे ब्रिटन लोकांचा कोट. एकाच घरातले दोन शब्द, एक गाव झाला, एक किल्ला.

आता आपल्याकडे पाहा. संस्कृतात वाट म्हणजे कुंपण घातलेली जागा. त्यातून आला वाडा. गुरांचाही वाडा आणि सरदाराचाही वाडा. त्यातूनच वाडी, आणि सावंतांची वाडी तर संस्थानाची राजधानी. ऋग्वेदात पुर् म्हणजे तटबंद ठिकाण, पुढे पुर म्हणजे नगर, आणि आज सोलापूर-कोल्हापूर म्हणताना तट कुणाच्या मनातही येत नाही. वाडा आणि टून यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण माणसाने राहायला जागा धरली की आधी कुंपण घातलं, हे दोन्हीकडच्या शब्दांना आठवतं आहे.

म्हणून 'हॅम्लेट'ला वाडी लिहा, डोळे मिटून. इंग्लंडमध्ये रूढ फरक असा की चर्च असलेलं ते व्हिलेज, नसलेलं हॅम्लेट. कोकणात जशा एका गावाच्या चार वाड्या असतात आणि ग्रामदेवतेचं देऊळ गावाचं एकच असतं, तसंच हे. व्हिलेजला गाव. खेडं नको, खेड्यात हल्ली थोडी कीव मिसळलेली असते.

बाकीच्या नावांबद्दल थोडक्यात. गावाचं नाव भाषांतरित करू नका, कॉर्फ कॅसल तसंच राहू द्या. वेल्समधल्या कास्टेल कोखचा अर्थ शब्दशः लाल किल्ला, पण तसं लिहाल तर वाचक दिल्लीला पोहोचेल. यॉर्कशायरमधलं कॅसल हॉवर्ड हा १६९९ मध्ये बांधायला घेतलेला महाल आहे, त्याला तट नाही, गढी म्हणू नका. ससेक्समधलं बोडियम सपाटीवर, पाण्याने भरलेल्या खंदकात उभं आहे, तो अस्सल भुईकोट. सॉमरसेटमधल्या डंस्टरला मात्र गढी खुशाल म्हणा, १३७६ पासून १९७६ पर्यंत तिथे लटरेल हे एकच घराणं नांदलं. आणि तुमच्याच परगण्यातलं मेडन कॅसल यातल्या कशातच बसत नाही. लोहयुगातले प्रचंड मातीचे बांध, इंग्लंडमध्ये नॉर्मन यायच्या सुमारे दीड हजार वर्षं आधीचे. त्याला मी मातीचा कोट म्हणेन. तिथे १९३४ ते १९३७ उत्खनन करणारे मॉर्टिमर व्हीलर पुढे भारताच्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले, हे आईला जरूर सांगा.

आणखी एक, प्रत्ययाचं. बोडियमबद्दल 'किल्ल्यात गेलो' म्हणा, कॉर्फबद्दल 'किल्ल्यावर गेलो'. हा '-वर' लिहिला की टेकडी आपोआप दिसते, वेगळं सांगावं लागत नाही. आईच्या चढाईच्या प्रश्नाला उत्तर म्हणून एकदाच लिहून टाका की लहान टेकडी आहे, पोरं शाळा सुटली की धावत जात.

आणि आजोबांचं वाक्य जसंच्या तसं राहू द्या. गावाला 'कॉर्फ' आणि वरच्या जागेला नुसतं 'कॅसल' म्हणायची त्यांची पद्धत आपलीच आहे, आपणही 'गडावर' म्हणतो, कोणता ते सांगत नाही. दगड 'आणला' असं लिहू नका, त्यांनी तसं म्हटलेलं नाही. माणसं गड उतरतात, तसा तोही उतरला आहे: "आमच्या भिंतीतला हा दगड किल्ल्यावरनं उतरलाय."