सासरे प्रत्येक गोष्टीला 'नाही'च म्हणतात, काय करावं?

त्यांना 'करू का?' असं विचारणंच बंद करा ताई, दोन पर्याय ठेवा आणि निवडायचं काम त्यांच्यावर सोडा. म्हणजे "मामाजी, तूर यंदा कडेच्या वावरात टाकायची का विहिरीजवळच्या?" असं विचारलं की 'नाही' म्हणायला जागाच उरत नाही, वरून घरात आपलं चालते असंही त्यांना वाटते, आणि अर्धं भांडण त्याचंच असते. आमच्या घरीही सेम मूर्ती आहे, चौदा वर्षांच्या अनुभवावरून सांगते. दुसरं, जे पटवायचं ते स्वतः सांगू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी नको हे सुनेनं म्हटलं तर ती दीडशहाणी, तेच कृषी सहायक बोलला की लगेच पटते, मग त्याच्याच तोंडून वदवा ना! आणि पाहुण्यांसमोर, किंवा ओसरीवर चार माणसं बसली असतील तेव्हा त्यांचं म्हणणं काटू नका, नंतर चहा देताना हळूच काढा विषय. नवऱ्याला मधे दलाल करू नका, तो दोन्हीकडून पिसला जाते अन् शेवटी चिडते तुमच्यावरच.

पण हे नुसत्या आडमुठ्या माणसासाठी आहे हं. शिवीगाळ, मारहाण, पैसे अडवून ठेवणं, माहेरी जाऊ न देणं असं काही असेल तर गोडीगुलाबी करत बसू नका, १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मारहाणच नाही, शिव्या आणि पैशाची अडवणूकही येते.