एचएफ (होल्स्टीन, जास्त दूध देणाऱ्या विदेशी जातीच्या) गायी सोडून सेंद्रिय गोठा केला तर परवडेल का?

सरळ सांगतो, दूध संघाला घालणार असाल तर नाही परवडत. संघ ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकी घन पदार्थ) बघून भाव देतो, गायीने काय खाल्लं ते कोण विचारतंय!

खरी अडचण चाऱ्याची आहे. नुसत्या गोठ्यावर शेण-गोमूत्र शिंपडून सेंद्रिय होत नाही, मका, घास, सरकी पेंड सगळं बिनारासायनिक पाहिजे आणि सर्टिफिकेट हवं असेल तर जमिनीलाच २-३ वर्षं कन्व्हर्जनमध्ये (रासायनिक सोडून सेंद्रियकडे वळायच्या काळात) घालवावी लागतात, तोवर खर्च सेंद्रियचा अन् भाव साधाच.

दुसरं म्हणजे दगडी, म्हणजे कासेचा आजार. आमच्याकडे एका गायीचा सड सुजला, धार काढली तर दुधात गाठी. नेहमीच्या गोठ्यात लगेच अँटिबायोटिक देतात, मग ठरलेले दिवस दूध घालायचं नसतं (किती जण पाळतात देव जाणे). सेंद्रियमध्ये औषधाला बंदी नाही हो, पण साधारण दुप्पट दिवस थांबावं लागतं, अमेरिकेत तर अँटिबायोटिक दिलेली गाय सेंद्रिय कळपातून कायमचीच बाहेर.

दुधात फरक म्हणाल तर ओमेगा-३ थोडं जास्त मिळतं, तेही हिरव्या चाऱ्यामुळे. पुण्यामुंबईत घरपोच गिऱ्हाईक असेल तरच २ गायींपासून सुरू करा.